कराचीतली देवळं, अग्यारी, चर्च आणि आजीची 'शनिवारची मशीद'

रानजाई

माझी आजी, आईची आई, १९३१ साली कराचीत जन्मली. पणजोबा मूळचे चिपळूणकडचे, रेल्वेच्या कचेरीत कारकून. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १८४७ पासून थेट १९३६ पर्यंत. त्यामुळे कोकणातल्या माणसाला कराचीची बदली म्हणजे लांबची बदली, एवढंच. तिथलं नारायण जगन्नाथ हायस्कूलसुद्धा एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या, नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाचं. १८५५ साली सुरू झालेली ही सिंधमधली पहिली सरकारी शाळा, आणि ती आजही आहे.

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि आमच्या घराने शहर सोडलं. आगबोट मिळेपर्यंतच्या चार रात्री त्यांनी बंदर रोडवरच्या स्वामीनारायण मंदिराच्या आवारात काढल्या. ती जागा तेव्हा निर्वासितांची छावणी झाली होती.

आजी गेल्या वर्षी गेली. तिने सांगितलेलं लिहून ठेवायचं म्हणून वही घेऊन बसले, तर लक्षात आलं की तिच्या कराचीत रस्त्यांची नावं फार नाहीत, देवाच्या जागा मात्र भरपूर आहेत. क्लिफ्टनचा शंकर, तिथे पायऱ्या उतरून जमिनीखाली जायचं. नेटी जेट्टीच्या पुलाजवळचं लक्ष्मीनारायण, तिथे खाडीत अस्थी सोडायचे. सोल्जर बाजारचा पंचमुखी मारुती. रामबाग, जिथे राम-सीता हिंगलाजला जाताना थांबले होते असं सांगत. पारशांची आग्यारी, बाहेरूनच हात जोडायचे. मोठं चर्च.

फाळणीआधी त्या शहरात हिंदू जवळजवळ निम्मे होते. १९५१ च्या जनगणनेत ते दोन टक्क्यांच्या आसपास उरले. आज दोन कोटींचं शहर, आणि शंभरातले शहाण्णव-सत्त्याण्णव मुसलमान. मग या सगळ्या जागांचं पुढे काय झालं? बऱ्याच जागा अजून उभ्या आहेत असं वाचते आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहावं.

आणि एक कोडं. आजीची शेजारीण, जिला ती मावशी म्हणायची, मराठी बोलायची. घरी मासे, नऊवारी, सगळं आपल्यासारखं. पण आजी म्हणायची, "मावशी शनिवारी मशिदीत जायच्या." त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटवायची नसे, म्हणून आजी जाऊन शेगडी पेटवून द्यायची. मावशींकडचा मलिदा तिला फार आवडायचा. आम्ही सगळे समजत आलो की मावशी मुसलमान होत्या. पण मुसलमान शुक्रवारी जातात. शनिवारी कोण जातं?

गोदाकाठ

रानजाईताई, आजींच्या आठवणी सविस्तर लिहा, वाचायला आवडेल. कोड्याचं उत्तर माहीत नाही.

अष्टागर

ताई, कोड्याचं उत्तर माझ्याच घरात आहे. मी मूळ अलिबागजवळचा, गेली तीस वर्षं इस्रायलमध्ये. तुमच्या आजींच्या मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू होत्या. आमच्या समाजात प्रार्थनालयाला मराठीत 'मशीद'च म्हणतात. सिनेगॉग हा शब्द आम्ही इंग्रजी कागदावर वापरायचो, घरात कधीच नाही. मुंबईतलं पहिलं आमचं प्रार्थनालय सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं, आणि मशीद बंदरच्या नावातली मशीद तीच, असं आमच्याकडची मोठी माणसं सांगतात.

शनिवार हा शब्बाथ. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडलं. मलिदा कशाचा होता हे आजींनी सांगितलं होतं का? पोह्यांचा असेल तर शंकाच उरत नाही.

रानजाई

पोह्यांचाच! भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर केळ्याचे काप. आजी गोकुळाष्टमीला तसाच करायची आणि "मावशींच्या हातची चव नाही" म्हणायची.

काका, मी आत्ता हे आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

अष्टागर

तो मलिदा आम्ही एलियाहू हानाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने करतो, नवस फेडताना, लग्नाआधी, घरात काही चांगलं झालं की.

आता त्या मशिदीबद्दल लिहितो. कराचीतली आमची मशीद म्हणजे 'मागेन शालोम', अर्थ शांतीची ढाल. १८९३ साली सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी ती स्वखर्चाने बांधली. ते कराची नगरपालिकेत सर्व्हेअर होते. आडनावावरून कळेलच की माणूस कोकणातला. दिवेचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, तसे हे उमरडेकर. रणछोड लाइन्स भागात, आजच्या निश्तर रोडच्या कोपऱ्यावर ती होती. त्यांच्या मुलांनी १९१२ मध्ये आवारात एक सभागृह बांधलं. लग्नं, सभा सगळं तिथे व्हायचं. आमचे लोक तिथे पलटणीत, रेल्वेत, तारखात्यात, कचेऱ्यांत होते. १९३६ साली अब्राहम रूबेन कमरलेकर हे कराची महापालिकेचे सभासद झाले, पहिले ज्यू सभासद. तेही कोकणातलंच आडनाव.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि त्यानंतर लोक जायला लागले. काही मुंबईला परत, काही इकडे. १९५६ आणि १९६७ च्या युद्धांनंतर उरलेलेही निघाले. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची सार्वजनिक प्रार्थना होत नाही. हा नियम निभावणं जिथे अशक्य होतं तिथे मशीद बंद पडते, भिंती कितीही भक्कम असोत.

जुलै १९८८ मध्ये ती पाडली. आता तिथे व्यापारी इमारत आहे.

शहरातल्या मेवाशाह कबरस्तानात आमच्या कबरी अजून आहेत. सॉलोमन डेव्हिड १९०२ मध्ये वारले, त्यांची कबर तिथेच. त्यांनी मशीद एकट्याच्या खर्चाने बांधली हे त्या दगडावर कोरलेलं आहे. इमारत गेली, आणि ती कोणी बांधली होती ते सांगणारा दगड कबरस्तानात राहिला.

नारळीबाग

अष्टागर, वाचून गलबलून आलं.

मी वसईची, कॅथलिक. माझ्या मावसआजीला गोव्याच्या घरात दिलं होतं आणि ते कुटुंब कराचीत असायचं, त्यामुळे मोठ्या चर्चबद्दल मी लिहू शकते. ते सद्दरमधलं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल. १८४५ मध्ये तिथे पहिलं छोटं चर्च झालं, आताची इमारत १८८१ ची. समोर पांढऱ्या संगमरवराचं ख्रिस्तराजाचं स्मारक आहे, १९३१ चं. आमच्याकडे जो एकच जुना फोटो आहे त्यात मावसआजी त्या पायऱ्यांवर बसलेली आहे, केसांत फुलं माळून.

गोवेकरांचं कराचीत फार मोठं काम आहे. कराची गोवन असोसिएशन १८८६ पासूनची. तिच्या सभागृहाचे वास्तुरचनाकार मोझेस सोमाके, म्हणजे पुन्हा एक ज्यू माणूस! त्यांनीच पारशांच्या बाई वीरबाईजी सोपारीवाला शाळेची इमारत केली आणि जिना यांनी पुढे विकत घेतलेलं फ्लॅगस्टाफ हाउसही त्यांचंच. म्हणजे गोवेकर कॅथलिकांचं सभागृह, पारशांची शाळा आणि पाकिस्तानच्या संस्थापकाचं घर एकाच हाताने आखलेलं.

सिनसिनाटस टाउन नावाची गोवेकरांची अख्खी वसाहत होती, आता तिला गार्डन ईस्ट म्हणतात. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कॉर्डेरो यांचा जन्म मुंबईचा, १९१८ चा. १९५८ पासून १९९४ पर्यंत ते कराचीचे आर्चबिशप होते.

पण आज चर्चमध्ये बसणाऱ्यांत गोवेकर थोडे उरलेत. पुष्कळजण कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले. आता बाकांवर जास्त करून पंजाबी ख्रिस्ती असतात, मिस्सा उर्दूतही होते. चर्च भरलेलं आहे ही मला मोठी गोष्ट वाटते. माणसं बदलली, दिवा चालू आहे.

परखड

धागा चांगला आहे, पण मला थोडं वेगळं बोलायचं आहे. आठवणींच्या ओघात तिथे आज काय भोगावं लागतं ते झाकलं जाऊ नये. ६ डिसेंबर १९९२ नंतर पाकिस्तानभर देवळांवर हल्ले झाले, कराचीतही झाले. १ डिसेंबर २०१२ ला सोल्जर बाजारमधलं श्री रामापीर मंदिर पाडलं. प्रकरण सिंध उच्च न्यायालयात असताना पाडलं. भोवतीच्या घरांतली चाळीसेक माणसं त्या दिवशी उघड्यावर आली. सप्टेंबर २०१३ मध्ये पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये रविवारची प्रार्थना संपवून लोक बाहेर पडत होते, तेव्हा बॉम्बस्फोटात ऐंशीहून अधिक माणसं मेली. तेव्हापासून कराचीतल्या मोठ्या चर्चच्या दारातही बंदूकधारी पहारा असतो. नारळीबाग, चर्च भरलेलं आहे हे खरं, पण माणसं तपासणी होऊन आत जातात हेही लिहायला हवं.

नारळीबाग

बरोबर आहे तुमचं. नाताळच्या रात्री दारात अडथळे, तपासणी, हे सगळं असतं. मी लिहायला हवं होतं.

कोरडी_विहीर

आणि आपल्याकडे काय चाललंय ते कोण लिहिणार? आधी आपलं घर

संपादक मंडळ

कोरडी_विहीर, वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. हा धागा कराचीतल्या प्रार्थनास्थळांचा आहे. भारतातल्या स्थितीवर वेगळा धागा काढावा, तिथे मोकळेपणाने चर्चा होऊ द्या.

दस्तऐवज

मी वकील आहे, पुण्यात. मालमत्तेचे कज्जे हेच माझं काम, म्हणून मला या विषयात नेहमी एकच प्रश्न पडतो: जागा कागदावर कोणाची?

फाळणीनंतर जी माणसं गेली त्यांच्या मालमत्तेला 'इव्हॅक्युई' म्हणजे सोडून गेलेल्यांची मालमत्ता म्हटलं गेलं. देवळं, गुरुद्वारे, धर्मशाळा, त्यांना लागून असलेल्या जमिनी यांचा वेगळा गट झाला. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची हमी दोन्ही बाजूंनी दिली. पुढे १९६० मध्ये पाकिस्तानात इव्हॅक्युई ट्रस्ट प्रॉपर्टी बोर्ड स्थापन झालं आणि १९७५ मध्ये त्यासाठी कायदा आला. या कायद्याने बोर्डाला मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार दिला, तसा ती भाड्याने देण्याचा आणि विल्हेवाट लावण्याचाही दिला. गाठ इथेच आहे. जिथे पूजा चालू आहे ते देऊळ सहसा राहतं. जिथे पूजा थांबली तिथे गाभारा एका नोंदीत, ओसरी दुसऱ्या भाडेकरूकडे, मागचं मैदान तिसऱ्याकडे, असे तुकडे पडतात. वीस वर्षांनी ते एकत्र करायला गेलात तर प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र दावा असतो.

कराचीच्या मागेन शालोमबाबतही मालकीवरून कोर्टात वाद झाले होते. प्रार्थनेला कोणी उरलं नाही की विश्वस्त उरत नाहीत, विश्वस्त गेले की कागद कोणाच्याही हातात जातो.

याच्या उलटंही एक उदाहरण आहे. सद्दरमधली जुनी हिंदू धर्मशाळा. ती पाडून तिथे नवी इमारत बांधायची असं ठरत आलं होतं आणि जागा वारसा नाही असं सांगितलं जात होतं. जून २०२१ मध्ये प्रकरण पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयासमोर गेलं. फोटोत भिंतीतली संगमरवरी पाटी दिसत होती, १९३२ साल कोरलेली. न्यायालयाने पाडकाम थांबवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याने नव्वद वर्षांपूर्वी चार पैसे जास्त देऊन तारखेची पाटी बसवली, त्याने कोर्टात साक्ष दिली.

परखड

आणि १९ जून २०१४ चा निकाल? त्याबद्दलही लिहा.

दस्तऐवज

हो. पेशावरच्या हल्ल्यानंतर सरन्यायाधीश तसद्दुक हुसैन जिलानी यांच्या खंडपीठाने दिलेला तो निकाल. प्रार्थनास्थळांसाठी प्रशिक्षित विशेष पोलीस दल, अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रीय परिषद, शाळेच्या पुस्तकांत बदल, नोकऱ्यांतला ठरलेला वाटा प्रत्यक्षात देणं, अशी कलमं त्यात होती. निकाल उत्तम आहे. अंमल इतका रेंगाळला की २०१९ मध्ये त्यासाठी न्यायालयालाच एक सदस्यीय आयोग नेमावा लागला.

मला त्या न्यायालयाचं आणखी एक पाऊल आवडलं, कराचीबाहेरचं आहे तरी सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये खैबर पख्तुनख्वातल्या करक जिल्ह्यात जमावाने एक मंदिर जाळलं. न्यायालयाने ते पुन्हा बांधायला लावलं, आणि खर्च हल्लेखोरांकडून वसूल करा असा आदेश दिला. पुढच्या दिवाळीला सरन्यायाधीश गुलजार अहमद स्वतः त्या मंदिरात गेले.

वाळूतलं_घर

मी दुबईत असतो. माझ्या खोलीत दोन वर्षं एक कराचीचा मुलगा राहायचा. पहिल्या दिवशी तो फोनवर आईशी बोलत होता आणि मला वाटलं मराठी ऐकू येतंय. मराठीच होती! शब्दांत उर्दू-सिंधी मिसळलेलं, 'च' आणि 'ळ' वेगळे, पण मराठी. म्हणजे सगळे १९४८ ला गेले नाहीत. काही मराठी घरं तिथेच राहिली आणि आजही आहेत. ती मंडळी गणपती बसवतात. क्लिफ्टनच्या त्याच रत्नेश्वर महादेव मंदिरात आरती होते आणि विसर्जन खाली समुद्रात. तो मला व्हिडिओ दाखवायचा: ढोल, गुलाल, मुली नऊवारीत, मागे कराचीची किनाऱ्यावरची उंच इमारत.

रानजाईताई, तुमच्या आजीचा पायऱ्या उतरून जायचा शंकर तोच. जहांगीर कोठारी परेडच्या शेजारी आहे. वरून फक्त फाटक दिसतं, देऊळ जमिनीखाली गुहेत. महाशिवरात्रीला तिथे हजारोंची रांग लागते, सिंधच्या आतल्या भागातून बसगाड्या भरून लोक येतात. आणि थोड्याच अंतरावर टेकडीवर अब्दुल्ला शाह गाझींचा दर्गा आहे, कराचीचा सगळ्यात मोठा. तो मुलगा सांगायचा की त्याची आई गुरुवारी दर्ग्यात आणि सोमवारी शंकराला जाते. तिला दोन्ही समुद्राचे राखणदार वाटतात.

२०१४ मध्ये शेजारी भुयारी रस्ता आणि उंच इमारतीचं काम निघालं तेव्हा गुहेला हादरे बसतील म्हणून लोक धास्तावले होते. प्रकरण कोर्टात गेलं. देऊळ आहे.

रानजाई

वाळूतलं_घर, तुमचं दोनदा वाचलं. आजी सांगायची की आत गेल्यावर समुद्राचा आवाज भिंतीतून यायचा. तुमच्या मित्राला विचारता येईल का, अजून येतो का?

वाळूतलं_घर

तो आता मस्कतला आहे. विचारतो.

हिंगुळा

मी भावसार. आमची कुलदेवी हिंगुलांबिका, म्हणजेच हिंगलाज. गडहिंग्लजच्या नावातही तीच आहे असं मानतात. मूळ पीठ बलुचिस्तानात, लासबेला जिल्ह्यात, हिंगोल नदीच्या काठी डोंगराच्या कपारीत. कराचीपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. यात्रा एप्रिलमध्ये असते आणि पुष्कळ जथे कराचीच्या स्वामीनारायण मंदिरातूनच निघतात. म्हणजे रानजाईताईंच्या घराने जिथे शेवटच्या रात्री काढल्या तिथूनच.

पूर्वी वाळवंटातून कित्येक दिवस पायी किंवा उंटावर जावं लागे. मकरान कोस्टल हायवे झाल्यापासून काही तासांचं काम आहे. वाटेत चंद्रगुप, चिखलाचा ज्वालामुखी. त्यावर चढून नारळ वाहायचा, मगच देवीकडे जायचं. तिथले बलुच मुसलमान तिला 'नानी' म्हणतात आणि यात्रेला 'नानी का हज'. आमच्या घरी देव्हाऱ्यात नुसता शेंदूर लावलेला तांदळा आहे. माझ्या आजोबांनी आयुष्यभर हिंगलाजला जायचं म्हटलं, व्हिसाचा अर्ज दोनदा केला, मिळाला नाही. त्यांचा नवस माझ्याकडे आलाय.

स्वामीनारायण मंदिराबद्दल थोडी भर: बांधकाम १८४९ चं. फाळणीच्या वेळी तिथल्या मूळ मूर्ती राजस्थानात नेल्या, नंतर नव्या बसवल्या. अहमदाबादच्या साधूंना तिथे पुन्हा जायला १९८९ उजाडलं, बेचाळीस वर्षांनी. आवारातच गुरुद्वारा आहे आणि गोशाळाही.

अग्यारीची_गल्ली

मी पारशी, दादरला वाढले, मराठी माध्यमात शिकले. सद्दरची अग्यारी १८४९ ची आहे. कराचीत आम्ही एके काळी पाच हजारांच्या घरात होतो, आता हजाराहूनही कमी, त्यातही म्हातारी माणसं जास्त. दिवसातून पाच वेळा अग्नीला चंदन वाहायचं, त्यासाठी मोबेद, म्हणजे आमचा पुजारी लागतो, आणि मोबेदाची मुलं आता टोरांटोत असतात.

रानजाईताईंच्या आजी बाहेरून हात जोडायच्या हे वाचून बरं वाटलं. माझी आई म्हणायची, बाहेरून हात जोडणारे आहेत तोवर गल्ली आपली.

एक सांगायचं राहिलं. १९३३ पासून फाळणीपर्यंत कराचीचे महापौर बहुतेक दरवर्षी बदलत, आणि ते समाजासमाजांतून येत. पहिले जमशेद नुसरवानजी मेहता, पारशी. मग टिकमदास वाधूमल, हिंदू. मग काझी खुदाबक्ष, मुसलमान. १९४५ मध्ये मॅन्युएल मिस्किटा, गोवेकर ख्रिस्ती. जमशेदजी फाळणीनंतरही तिथेच राहिले आणि १९५२ मध्ये कराचीतच वारले.

परखड

हे महापौरांचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

वरच्या माझ्या प्रतिसादात एक भर घालतो. आपण इथे मोठमोठ्या दगडी इमारतींबद्दल बोलतोय. पण कराचीत आज रोजची पूजा सगळ्यात नेमाने कुठे होते? रणछोड लाइन्समधल्या नारायणपुऱ्यात. महापालिकेच्या सफाई कामगारांची ती जुनी वसाहत. एकाच कंपाउंडात हिंदू, ख्रिस्ती, शीख. देवळं, चर्च, गुरुद्वारा सगळं आतच. व्यापारी गेले, वकील गेले, डॉक्टर गेले. शहर झाडणारी माणसं गेली नाहीत, आणि त्यांची देवळं उभी आहेत. त्यांच्याबद्दल कोणी वारसा म्हणून लेख लिहीत नाही.

दस्तऐवज

परखड, तुमचा हा मुद्दा माझ्या मुद्द्याला पुरा करतो. सोल्जर बाजारच्या पंचमुखी मारुतीचंही तेच. आवारात अतिक्रमणं झाली होती, पण भोवती राहणारी कुटुंबं रोज येत राहिली, कोर्टात गेली, जागा मोकळी करून घेतली. नंतर जीर्णोद्धाराच्या खोदकामात जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या.

कराची बंदरासमोरच्या मनोरा नावाच्या भूशिरावरचं वरुणदेवाचं देऊळ घ्या. किमाडीहून होडीने जातात. तिथे हिंदू वस्ती उरली नाही, आणि खारा वारा दगड खात राहिला. अमेरिकी दूतावासाच्या निधीतून डागडुजी झाली तेव्हा ते सावरलं. पैसा बाहेरून येऊ शकतो. संध्याकाळी दिवा लावायला बाहेरून कोण येणार?

गोदाकाठ

रामबागेचं काय झालं पुढे?

वाळूतलं_घर

आता आराम बाग म्हणतात. एक अक्षर पुढे लावलं. मोठी मशीद आहे तिथे, बाग आहे.

रानजाई

सगळ्यांचे आभार. आईला रोज संध्याकाळी हा धागा वाचून दाखवते आहे.

तिला काल एक आठवलं, ते लिहून ठेवते. निघायच्या दिवशी मावशींनी आजीला एक पितळी डबा दिला होता, वाटेत खायला मलिदा भरून. तो डबा आमच्याकडे आहे. आम्ही त्यात हळद ठेवतो. झाकणाच्या आतल्या बाजूला काही अक्षरं ठोकलेली आहेत, भांड्यांवर नाव घालतात तशी. आम्ही कधी नीट वाचली नव्हती. काल चिंचेने घासून वाचली. देवनागरीत आहेत. पहिलं अक्षर झिजलंय, शेवटी '-कर' स्पष्ट आहे, आणि मध्ये एका गावाचं नाव असावं असं वाटतं.

अष्टागरकाका, मशिदींमध्ये जुन्या नोंदी असतात का? कराचीहून परतलेली घरं कोकणात कुठे गेली हे कुठे कळू शकेल? मी अलिबागला जाऊ शकते. डबा बरोबर नेईन.

अष्टागर

ताई, आधी त्या झाकणाचा फोटो पाठवा, मी इथल्या जुन्या मंडळींना दाखवतो. कराचीत जन्मलेले दोघेतिघे अजून आहेत आमच्या वस्तीत, नव्वदीचे.

अलिबागला मागेन आबोथ मशीद आहे, इस्रायल आळीत. माणसं थोडी उरलीत, पण दार उघडतात आणि प्रेमाने बोलतात. लग्नांच्या, मृत्यूंच्या नोंदी मिळाल्या तर तिथे मिळतील. शुक्रवारी संध्याकाळनंतर आणि शनिवारी जाऊ नका, शब्बाथ असतो. रविवारी सकाळी जा.